हिलोच्या जत्रेतून चैत्रगौरीसाठी काय आणता येईल?

काकू, नमस्कार.
ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही मेरी मोनार्क महोत्सवासाठी हवाईत हिलोला येतोय. हुला या हवाईयन नृत्याच्या स्पर्धेची तिकिटं मिळाली नाहीत, पण हस्तकलांची जत्रा बघणारच. कॅलिफोर्नियात परतलो की लगेच मंडळात चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आणि आरास माझ्याकडे आहे. तिकडून फुलं आणता येतील का? सासूबाई म्हणतात, हवाईत कैऱ्या मिळतात, डाळ-पन्ह्यासाठी त्याही आण.
— आरास समितीतून

---

अगं, कैऱ्या मुळीच नको. फळमाशीच्या भीतीने हवाईची ताजी कैरी मेनलँडला, म्हणजे मुख्य अमेरिकेत, नेऊ देत नाहीत. विमानतळावर कृषी खात्याची माणसं सामान तपासून काढून घेतात. कढीपत्ता नको, कुंतीची फुलं-पानंही नकोत. दोन्ही लिंबाच्या कुळातली, आणि तुमच्याकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना त्यांच्यावरच्या किडीपासून रोग लागू शकतो. अनंताचं फूलही बंद आहे.

मोगरा आणि चाफा मात्र तपासणी करून नेता येतात. मोगऱ्याला इथे पिकाके म्हणतात. त्याच्या कळ्यांची लेई, म्हणजे गळ्यातली माळ, निघायच्या दिवशीच घे. लेहुआची, म्हणजे ओहियाच्या झाडाच्या लाल फुलांची, लेई कितीही सुंदर दिसली तरी इथेच ठेवून जा. 2014 मध्ये ओळख पटलेल्या एका बुरशीने या बेटावरची ओहियाची झाडं मोठ्या प्रमाणावर मरताहेत, आणि ती बुरशी दुसऱ्या बेटांवर आणखी पसरू नये म्हणून सगळे जपतात.

आरासीला अँथुरियम घे. बुधवारी आणि शनिवारी हिलोच्या शेतकरी बाजारात ढिगाने असतात. 1889 साली सॅम्युअल डेमन यांनी हे झाड लंडनहून हवाईत आणलं, आणि हिलोच्या पावसात ते असं रुजलं की या गावाची ओळखच झालं. 1980च्या दशकात जिवाणूंच्या करप्याने मळेच्या मळे गेले, तरी शेतकऱ्यांनी रोगाला तोंड देणाऱ्या नव्या जाती लावून ते पुन्हा उभे केले. कापलेली फुलं दोन आठवडे सहज टिकतात. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नकोस, थंडीने काळी पडतात.

जत्रेत लौहालाच्या विणकरांकडे आधी जा. लौहाला म्हणजे हालाच्या झाडाची पानं, आणि हाला म्हणजे आपल्या केवड्याचा सख्खा भाऊ.
— हिलोची काकू

---

वहिनी, लौहालाची टोपी मागे एकदा हातात घेतली होती, किंमत ऐकून परत ठेवली. वाळक्या पानांना एवढे पैसे?
— खजिनदार

---

भावजी, केवड्याच्या पानाला हात लावलाय ना कधी? दोन्ही कडांना काटे आणि मधल्या शिरेलाही काटे. हालाचंही तसंच. झाडाखाली पडलेली वाळकी पानं गोळा करायची, एकेक काटा काढायचा, पान पुसायचं, मऊ करायचं, गुंडाळ्या करून ठेवायचं, मग एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या चिरायच्या. हे सगळं झाल्यावर विणायला बसायचं. बारीक विणीच्या टोपीला पट्ट्याही तितक्याच बारीक लागतात, आणि त्यातली एक जाडी-बारकी झाली तरी वीण वाकडी दिसते. माझ्या मते विणण्याइतकंच मोल पानं तयार करण्याचं आहे. ती किंमत मला कधीच जास्त वाटली नाही.

टोपी परवडत नसेल तर बांगडी घ्या. तीही त्याच हातांनी, त्याच पानांची विणलेली असते. चैत्रगौरीच्या वाणात अशा बांगड्या ठेवल्या तर मला फार आवडेल.

घेताना दोन गोष्टी बघा. आतली बाजू बाहेरच्याइतकीच साफ हवी, आणि पट्टीची टोकं विणीत दडलेली हवीत. आणि पानं कुठली, हे विणकराला जरूर विचारा. स्वतः वेचलेली असतील तर तो कुठल्या झाडाखालची तेसुद्धा सांगतो. आजी-आजोबांकडून शिकलेली माणसं असतात, विचारलेलं त्यांना आवडतं.

निहाऊ बेटाच्या शिंपल्यांच्या माळाही दिसतील. नक्कल फार व्हायला लागली म्हणून 2004 मध्ये त्यांच्यासाठी राज्याने कायदा केला. त्या महाग असतात, तेव्हा घाईने घेऊ नका.

जत्रेला तिकीट नाही. बुधवारी सकाळीच या, शनिवारी गर्दीत विणकरांशी बोलायला मिळत नाही. जेवायला माझ्याकडे या.
— काकू