मदत हवी आहे: स्वतःची कातडी लावायचीच आहे, तर आधी कृत्रिम त्वचा कशाला?

मावसभावाची छाती आणि उजवा हात उकळत्या तेलाने भाजलाय. छातीची जखम वरवरची आहे, तिथे डुकराच्या त्वचेचं ड्रेसिंग लावलंय. ते कायमचं नसतं एवढं समजलं. डुकराच्या पेशींवर एक साखर असते, तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच असतात, त्यामुळे शरीर ती त्वचा स्वीकारत नाही. पण तोवर जखम झाकलेली राहते, ओल टिकते, ठणका कमी होतो. आता कडा सुकून वर वळल्यात, सिस्टर सुटलेला भाग तेवढा कात्रीने कापतात, खालून गुलाबी कातडी दिसते. तिथली काळजी मिटली.

प्रश्न हाताचा आहे. कोपराजवळ कातडी पूर्ण जळलीय. डॉक्टर म्हणतात, आधी 'इंटेग्रा'सारखा कृत्रिम त्वचेचा थर लावू, दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या वरचा सिलिकॉनचा पापुद्रा काढून मांडीची पातळ कातडी लावू. म्हणजे दोनदा भूल! मांडीची कातडी घ्यायचीच असेल, तर ती आत्ताच का नाही? राउंडच्या घाईत नीट विचारता आलं नाही. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद: माझ्या आईच्या मनगटावर हेच केलं होतं, तेव्हा बरंच विचारून घेतलं होतं. खोल जखमेत कातडीचा खालचा जाड थर गेलेला असतो आणि तो आपोआप पुन्हा येत नाही. नुसती पातळ कातडी सांध्यावर लावली तर पुढे आकसण्याची भीती जास्त. इंटेग्रात गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक असतो. त्या जाळीत आपल्या रक्तवाहिन्या शिरतात आणि खालचा थर तयार होतो. ही कृत्रिम त्वचा तयार करणाऱ्या यानस आणि बर्क यांनी १९८१ सालीच भाजलेल्या रुग्णांवरचे निकाल छापले होते, तेव्हा प्रयोग म्हणून घाबरू नका.

खरा धोका संसर्गाचा. सिलिकॉनखाली पू किंवा पाणी साठलेलं दिसलं, वास आला, तर लगेच सांगा. पूर्ण कृत्रिम, पॉलियुरेथेनचा थरही मिळतो. तो संसर्गात जास्त तग धरतो असं म्हणतात, पण रुजायला वेळ घेतो. तो इथे चालेल का, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) उघडा पडलाय का आणि कोपराला स्प्लिंट (सांधा सरळ धरणारी पट्टी) व व्यायाम कधीपासून, हे डॉक्टरांना विचारा. व्यायामाचं तर आधी विचारा, आमच्याकडे सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला.