उतारावरची निलगिरी: तोड उक्ती द्यावी की गावानेच करावी?

घाटमाथा_शाहूवाडी

शाहूवाडी तालुक्यात घाटाच्या अंगाला आम्हा सात खातेदारांची सलग 11 एकर मालकी जमीन आहे. निलगिरी 12 वर्षांची, मधेमधे ऑस्ट्रेलियन बाभूळ, बांधावर फणस, जांभूळ आणि थोडे ऐन-किंजळ. निलगिरीचा घेर छातीच्या उंचीला 60 ते 120 सें.मी. वरच्या निम्म्या भागाला खडा चढ आहे, खाली ट्रॅक्टर जाईल अशी गाडीवाट.

व्यापारी उभ्या झाडांची उक्ती रक्कम सांगतोय, तोड आणि वाहतूक त्याच्याकडे. गावातल्या तरुण पोरांचं म्हणणं, आपणच तोडू, मजुरी गावात राहील. तेव्हा विचारायचं असं की कुऱ्हाड बरी की कटर? उतारावरून माल खाली आणायचा कसा? मोजमापात कुठे मार बसतो? आणि शेजारी वनखात्याच्या जमिनीवर गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने राखलेली लागवड आहे, तीही याच कामात उरकून घ्या असं काही जण म्हणतात. ते चालेल का?

---

ओंडका

सगळे कटर की कुऱ्हाड यावरच वाद घालतात. पण तोडणी हा खर्चाचा लहान भाग आहे. उतारावर पैसा जातो तो माल गाडीवाटेपर्यंत आणण्यात. म्हणून आधी वाटा आखा, मग झाडाला हात लावा. चुन्याने खुणा करून ओढीच्या वाटा ठरवल्या की कुठलं झाड कुठल्या बाजूला पाडायचं हे आपोआप ठरतं.

तोडणीला चेन सॉच (कटर) घ्या. 40 सें.मी. व्यासाच्या खोडाला कुऱ्हाडीची खाच तोंडाशी 20–25 सें.मी. रुंद करावी लागते, म्हणजे झाडाचा सगळ्यात जाड वीतभर भाग ढलप्यांत जातो. चेनचा काप 8–9 मि.मी. चा असतो. 50–60 सीसीचं मशीन आणि 18 इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ते पातं) या घेराला पुरतो. पेट्रोलमध्ये चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरला 20 मि.ली., पण मशीनसोबतच्या पुस्तकात वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. 3/8 इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला साधारण 5.2 ते 5.5 मि.मी. ची गोल कानस लागते. भुसा बारीक पिठासारखा पडायला लागला की चेन बोथट झाली समजा, ढलप्या पडायला हव्यात. काप एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दात लांब राहिलेत किंवा दुसऱ्या बाजूचे बोथट झालेत. जोर लावून तो सरळ होत नाही, बारची पट्टी मात्र झिजते.

पाडायची पद्धत अशी. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी खोल खाच, 45 अंशांची किंवा थोडी जास्त उघडी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा 3–5 सें.मी. वर. दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची बिजागरी सोडायची, ती पूर्ण कापायची नाही. बिजागरी कापली की झाड कुठेही जातं. बहुतेक अपघात इथेच होतात, नाहीतर बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागून मशीन अंगावर उसळतं तेव्हा. मागच्या कापात प्लॅस्टिकची किंवा लाकडी पाचर ठोका, लोखंडी नको, चेन लागली तर दात जातात. पळायची वाट आधी साफ करायची, पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूला तिरकी. दोन टोळ्यांमध्ये झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा आणि उतारावर एकाच्या खाली दुसरा कधीच नको.

उतारावर झाड सरळ खाली पाडू नका. पडायची उंची वाढते आणि निलगिरीचं खोड मधेच फुटतं. समपातळीच्या रेषेत, जमलं तर किंचित वरच्या अंगाला तिरकं पाडा.

साल त्याच दिवशी सोला, ओली असताना पट्टे सरसर निघतात. दोन-चार दिवस गेले की विळ्या-कोयत्याने खरडत बसावं लागतं आणि मजुरी वाढते. नग जागेवर कापू नका. होईल तेवढा लांब माल खाली आणून गाडीवाटेजवळच्या सपाट जागेवर तुकडे करा. निलगिरीच्या खोडात ताण असतो, कापलं की टोकं फाटतात. उन्हात पडलेल्या टोकांना जाड ऑइलपेंटचा हात द्या.

माल ओढून आणण्याचं म्हणाल तर हलक्या उतारावर, 100–150 मीटरपर्यंत बैलजोडी अजूनही परवडते. जमीन कमी उकरली जाते आणि खुंटांमधून वळता येतं. चढ फार असेल तर ओंडका घसरून बैलांच्या पायांवर येतो, तिथे बैल नकोत.

---

टेप_आणि_काटा

व्यापाऱ्याच्या बाजूचंही कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. उक्ता म्हणजे फसवणूकच असं नाही. झाडं मोडली, पोकळ निघाली, मजूर पळाले, पाऊस आला तर तोटा त्याचा. गावात कटर चालवणारा सराईत माणूस नसेल आणि 11 एकरांतला अर्धा माल बारीक वाशांचाच असेल, तर उक्तं द्यायला हरकत नाही. अट एकच. भाव ठरवायच्या आधी प्रत्येक झाडाला नंबर टाकून घेर लिहून काढा. यादी नसेल तर घासाघीस कशावर करणार?

स्वतः विकणार असाल तर मोजणी शिकून घ्या. बाजारात गोल माल चौथाई घेराच्या हिशोबाने घेतात: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. 120 सें.मी. घेर आणि 3 मीटर लांबीचा ओंडका या हिशोबाने 0.27 घनमीटर भरतो. प्रत्यक्षात त्यात 0.344 घनमीटर लाकूड असतं. म्हणजे साधारण साडेएकवीस टक्के आधीच वजा. ही फसवणूक म्हणता येत नाही, आरागिरणीत चौकट पाडताना कडेचा माल जातो म्हणून ती रीत आहे. पण भाव 'चौथाई घनफुटा'चा आहे की 'पूर्ण घनफुटा'चा, हे आधी विचारलंच पाहिजे. एक घनमीटर म्हणजे 35.3 पूर्ण घनफूट, चौथाईने तेच 27.7 भरतात. दोन व्यापाऱ्यांचे दर तुलना करताना लोक इथेच गोंधळतात.

टेप साल काढलेल्या खोडावर, लांबीच्या बरोबर मधोमध, काटकोनात फिरवा. मापारी टेप बारीक टोकाकडे सरकवतो किंवा वरचे इंच सोडून देतो. 47 इंचाला 45 लिहिलं तर ओंडका 8 टक्क्यांनी कमी भरतो, कारण घेराचा वर्ग होतो. 3 मीटरचा नग मागितला असेल तर 3.05 कापा. 2.95 निघाला तर तो खालच्या लांबीत धरला जातो.

ढीग एकत्र विकू नका. जाड सरळ बुंधे आरागिरणीला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना पेट्या आणि पॅलेटसाठी असलं लाकूड लागतं. मधला माल सेंट्रिंगच्या टेकूंना, उरलेला जळणाला किंवा कागदाच्या लगद्याला वजनावर. वजनावर देताना माल त्याच दिवशी काट्यावर न्या आणि रिकाम्या गाडीचं वजन समोर करून घ्या. ओल्या निलगिरीचं वजन घनमीटरला साधारण टनभर असतं आणि सोललेला माल उन्हात झपाट्याने हलका होतो. थप्पी महिनाभर पडली तर ते वजन तुमच्याच खिशातून गेलं.

---

वनहक्क_राधानगरी

शेजारच्या लागवडीचं आधी सांगतो: हात लावू नका. समितीने राखली तरी जमीन वनखात्याची आहे. तिथली तोड मंजूर कार्य आयोजना (वनखात्याचा त्या जंगलासाठीचा कामाचा आराखडा) आणि समितीच्या सूक्ष्म आराखड्याप्रमाणे, खात्यामार्फतच होते आणि समितीला करारातला वाटा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करता येत नाही. तुमच्या मालकीच्या मालात तिथला एक ओंडका जरी सापडला तर सगळी गाडी अडकते. उलट हद्दीचे दगड वनरक्षकाला सोबत घेऊन आधी दाखवून घ्या आणि पंचनामा लिहून ठेवा.

मालकी जमिनीचंही सातबारा बघूनच बोला. इतर हक्कांच्या रकान्यात 'राखीव वन' किंवा 'खाजगी वन' असा शेरा असेल तर (1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने बऱ्याच डोंगरी गटांवर तो बसला आहे) तोडीचा विचार तिथेच थांबवा. शेरा नसेल तरी बांधावरचे फणस, जांभूळ, ऐन, किंजळ 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात. त्यांना आधी लेखी परवानगी लागते. निलगिरी त्या यादीत नाही. तरी वाहतुकीबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी उत्तर घ्या, नाक्यावर तोंडी उत्तर कुणी ऐकत नाही.

आता लोकसहभाग. हा शब्द आला की लोक गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव घेतात. तिथे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. पण ते बांबूसाठी. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, इमारती लाकूड नाही. तुमच्या गावाकडे सामूहिक वनहक्क असेल तर हिरडा, शिकेकाई, मध, बांबू यांवर ग्रामसभा ठरवू शकते; ओंडक्यांवर नाही. पश्चिम बंगालमधल्या अराबारीत 1972 पासून गावाने साल वृक्षांचं जंगल राखलं, तिथेही पाया हाच होता की आधी वाटा ठरला, मग राखण.

तुमच्या सातजणांना यातून घ्यायचं ते एवढंच: प्रत्येकाचा वाटा पहिलं झाड पडायच्या आधी ठरवा, एकरावर नव्हे तर झाडांच्या यादीवर. एकरावर ठरवलात तर ज्याच्या तुकड्यात जाड झाडं आहेत तो पहिल्याच ट्रकला भांडेल. सातबारावाल्यांचा वाटा आणि तोडणाऱ्या पोरांची मजुरी या दोन वेगळ्या वह्या ठेवा. रोजची मोजणी संध्याकाळी चावडीवर किंवा ग्रुपवर फोटो टाकून. खातं दोन सह्यांचं. कटर चालवणाऱ्यांचा अपघात विमा उतरवा. मजूर तुम्ही लावलात की भरपाईची जबाबदारीही तुमची. आपल्याकडे जंगल कामगारांच्या सहकारी संस्था 1947 पासून मुंबई प्रांतात ठेकेदाराला बाजूला सारायलाच निघाल्या होत्या. ज्या संस्थांत सभासद कागदावर आणि काम पुन्हा ठेकेदाराकडे गेलं, तिथे वाटाही तसाच ठेकेदाराकडे गेला.

---

दगडी_चढ

ओंडका यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. वरच्या खड्या भागाला बैल जमत नाही हे खरं, पण म्हणून कुणी ट्रॅक्टर वर चढवायला जाऊ नये. 100 मीटरला 30 मीटरच्या वर चढ असेल तर शेतीचा ट्रॅक्टर गाडीवाटेवरच उभा करून विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढा. 10–12 मि.मी. चा वायर रोप 50 मीटर पुरतो. ओंडक्याचं पुढचं टोक जमिनीपासून उचललेलं हवं, नाहीतर ते नांगरासारखं माती उकरतं. दोर नेहमी ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढदांड्याला), ॲक्सलच्या वर कुठेही बांधला तर ओंडका अडकल्यावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो. ताणलेल्या दोराच्या आतल्या कोनात कुणी उभं राहायचं नाही.

आणि मेअखेर सगळं बंद. ओढीच्या प्रत्येक वाटेवर 10–15 मीटरला तिरके आडवे चर काढा आणि फांद्या-पाला वाटेवरच पसरा. घाटमाथ्याच्या पावसात उघडी वाट एका हंगामात ओघळ होते आणि ती माती खालच्या शेतात जाते.

---

घाटमाथा_शाहूवाडी

यादी करायला घेतोय. अजून एक: निलगिरी परत फुटवायची आहे. पोरांना झाडामागे मजुरी ठरवली तर चालेल का?

---

ओंडका

दगडी_चढ यांचं विंचचं मान्य, भाड्याने मिळत असेल तर तेच करा.

झाडामागे मजुरी नको. वाकायला नको म्हणून बुंधा उंच सोडला जातो. 10 सें.मी. ऐवजी 45 वर कापलं तर 120 घेराच्या झाडामागे 0.04 घनमीटर लाकूड रानात राहतं, 100 झाडांचे 4 घनमीटर, तेही सगळ्यात जाड. शिवाय उंच खुंटाचे फुटवे वाऱ्याने फाटून पडतात. रोजंदारी द्या किंवा सोललेल्या, मोजलेल्या मालावर दर द्या आणि 15 सें.मी. च्या वर राहिलेला खुंट परत कापून घ्या.

खुंट चेननेच, जरा तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. कडेची साल सुटू द्यायची नाही, फुटवा तिथूनच येतो. म्हणून खुंटावर कुऱ्हाड नाही, ओंडका घासत न्यायचा नाही आणि फांद्यांचा ढीगही त्यावर नको. तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकली तर पावसाआधी फुटवे धरतात. वर्ष-दीड वर्षाने खुंटाला एक किंवा दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. सगळे ठेवले तर वासेसुद्धा मिळणार नाहीत. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या खुंटाची मात्र वाट बघू नका, तिचा फुटवा भरवशाचा नसतो. त्या जागांवर जूनमध्ये नवी रोपं लावा, खड्डे एप्रिलमध्येच काढून ठेवा.