डेल्टाचे हब ठरतात तरी कसे?

नकाशेवेडा
अमेरिकेत सॅव्हानाहून (आग्नेयेला) स्पोकेनला (वायव्येला) जायचंय. डेल्टा या विमान कंपनीच्या साइटवर कुठे अटलांटा-सॉल्ट लेक सिटी दाखवतात, कुठे अटलांटा-मिनियापोलिस, कुठे अटलांटा-सिएटल. अटलांटा काही चुकत नाही! शेवटी सगळ्या मार्गांचा नकाशाच उघडून बसलो आणि गोंधळ वाढला. डेट्रॉइट आणि मिनियापोलिस दोन्ही उत्तरेला, तरी दोन्ही हब (म्हणजे कंपनीची ढीगभर विमानं जिथे येतात-सुटतात तो मुख्य विमानतळ). न्यूयॉर्कचे दोन विमानतळ, दोन्ही हब. एका जुन्या नकाशात सिनसिनाटी आणि मेम्फिस ठळक ठिपक्यांनी दाखवलेत, नव्यात ते ठिपके गायब. यामागे काही तर्क आहे का?

जुना वेळापत्रकवाला
आहे, पण नुसता नकाशा बघून तो सापडायचा नाही. एका विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात नोकरी केली आहे (कोणत्या, ते सोडा), तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ४५ मार्ग लागतात. त्यातलं एक मध्ये धरलं आणि बाकीची त्याला जोडली की ९ मार्गांत काम होतं. सॅव्हाना-स्पोकेन विमान रोज भरेल एवढी माणसं आणणार कुठून? पण सॅव्हाना-अटलांटा विमानात तुमच्या शेजारचा डेन्व्हरला निघालेला असतो, मागचा पॅरिसला. म्हणून ते दिवसातून अनेक वेळा सोडणं परवडतं.

आता खरी गंमत वेळेची. हबवर विमानं झुंडीने येतात. पूर्वेकडची एकामागोमाग उतरतात, माणसं आणि बॅगा इकडच्या तिकडे होतात, आणि थोड्या वेळाने पश्चिमेकडची झुंड सुटते. या झुंडीला आम्ही बँक म्हणायचो. एकेक विमान दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे सरकवण्यावरून काय भांडणं व्हायची! कारण तेवढ्यात पंधरा-वीस शहरांची जोडणी तुटते. अटलांटाची रचना या कामाला फार सोयीची. पाच समांतर धावपट्ट्या, मधोमध टी आणि ए ते एफ अशा गेटांच्या इमारती ओळीने उभ्या, आणि त्यांच्या खालून भुयारी गाडी. बी-वर उतरून ए-वरून निघायचं तर एकच स्टेशन. मात्र दुपारी तिथे वादळ झालं की संध्याकाळपर्यंत अर्ध्या देशाची विमानं रखडतात. सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्याची ही किंमत.

आता तुमचे ठिपके. अटलांटा डेल्टाचं स्वतःचं, १९४१ साली त्यांनी मुख्यालयच लुइझियानातल्या मन्रोहून तिकडे हलवलं. सॉल्ट लेक सिटी १९८७ मध्ये वेस्टर्न एअरलाइन्सबरोबर आलं. मिनियापोलिस, डेट्रॉइट आणि मेम्फिस २००८ मध्ये नॉर्थवेस्ट ही विमान कंपनी डेल्टात विलीन झाली तेव्हा आले. त्यातही डेट्रॉइट आणि मेम्फिस नॉर्थवेस्टला १९८६ मध्ये रिपब्लिक एअरलाइन्सकडून मिळालेले! म्हणजे हा नकाशा कोणी कोरा कागद घेऊन काढलेला नाही. कोणाला कधी विकत घेतलं, त्याचा हा हिशेब आहे.

आणि विलीनीकरण झालं की एकाच कामाला दोन हब उरतात. सिनसिनाटी डेल्टाचं जुनं हब, पण डेट्रॉइट हातात आल्यावर तेच काम तिथून होऊ लागलं, शिवाय डेट्रॉइटमधून प्रवास सुरू करणारे लोकही जास्त. सिनसिनाटीची बरीच भिस्त ५० आसनी छोट्या जेट विमानांवर होती आणि इंधन महागलं की आधी तीच बुडतात. मेम्फिसचं दुखणं वेगळं, ते अटलांटाच्या फार जवळ. २०१३ मध्ये त्याचं हबपण संपलं.

अनामिका_०७
मेम्फिस विमानतळ ओस पडला असं मात्र कोणी समजू नका. फेडेक्स या कुरिअर कंपनीचं मुख्य हब तिथेच आहे, रात्री मालवाहू विमानांची अशीच झुंड उतरते. पार्सलांना थांबा कुठेही पडला तरी तक्रार नसते.

न्यूयॉर्कच्या दोन हबांचं, म्हणजे लाग्वार्डिया आणि जेएफके या विमानतळांचं, कारण साधं आहे. लाग्वार्डियावरून १५०० मैलांपलीकडे थेट विमान सोडायला नियमानेच बंदी आहे. डेन्व्हरला आणि शनिवारच्या विमानांना तेवढी सूट. म्हणून जवळची शहरं लाग्वार्डियावरून आणि युरोप, कॅलिफोर्निया वगैरे जेएफकेवरून. दोन्हींच्या मध्ये रस्त्याने जावं लागतं. तिकिटावर नुसतं न्यूयॉर्क बघून खूश होऊ नका, उतरायचं कुठे आणि चढायचं कुठून ते वाचा.

सडाफटिंग
वेळापत्रकवाल्यांनी हबचं फारच कौतुक केलंय. जे हबच्या गावातच राहतात त्यांना विचारा. थेट विमानं भरपूर, पण एकाच कंपनीचं राज्य असलं की भाडं चढंच. साउथवेस्ट ही विमान कंपनी हे झुंडीचं गणित न करता इतकी वर्षं चाललीच ना?

जुना वेळापत्रकवाला
भाड्याचं मान्य. पण साउथवेस्टचेही कितीतरी प्रवासी शिकागो मिडवे किंवा डेन्व्हरला विमान बदलतात, फक्त ते हब हा शब्द टाळतात. आणि सगळेच हब जोडणीसाठी नसतात हे लिहायचं राहिलं. बॉस्टन, लॉस एंजेलिस इथे बहुतेक लोक तिथलेच किंवा तिथे जाणारे. सिएटल तर डेल्टाने अलास्का एअरलाइन्सच्या अंगणात जाऊन उभं केलं, आशियाकडे जायला दार हवं म्हणून. पूर्वी ते काम टोकियोचं नारिता करायचं, तेही नॉर्थवेस्टचंच देणं.

नकाशेवेडा
डोक्यात प्रकाश पडला, सगळ्यांचे आभार. मग स्पोकेनला कुठून जाऊ? जानेवारीत जायचंय.

जुना वेळापत्रकवाला
शहर नंतर निवडा. तिन्ही ठिकाणांहून स्पोकेनला त्या दिवशी नंतर किती विमानं आहेत ते आधी बघा. जोडणी चुकली तर पुढचं विमान रात्रीच असेल, असा पर्याय घेऊ नका. जानेवारीत मिनियापोलिसला विमानावरचा बर्फ काढण्यात वेळ जातो, पण त्यांना त्याची सवय आहे, घाबरू नका. सॅव्हानाहून मात्र सकाळचं पहिलं विमान धरा. ते आदल्या रात्रीच येऊन उभं असतं, त्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर तुमच्या माथी येत नाही.