वेल्ह्याजवळ ५ गुंठ्यांत प्रीफॅब घर बांधायचंय, सल्ला हवा

रानजाई
नमस्कार. वेल्ह्याच्या अलीकडे आमचा ५ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. आम्ही दोघं, दोन मुली आणि गुडघेदुखीमुळे वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई. ६५० चौरस फूट पुरे. बजेट १५ लाख. प्लॉटवरची आंब्या-जांभळाची झाडं तोडायची नाहीत, सिमेंट-वाळू कमीत कमी हवी. पुण्याहून रोज देखरेखीला जाणं जमणार नाही, म्हणून प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात केलेले भाग आणून जागेवर जोडायचं घर. एक जण पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेलं) सुचवतोय, दुसरा मालवाहू कंटेनरचं घर. अशा घरात कोणी पावसाळा काढलाय का?

मुठेकाठ
ताई, आम्ही पौडच्या पुढे ४ वर्षांपूर्वी बांधलं. लाइट गेज (पातळ पत्र्याच्या) स्टीलचा सांगाडा, बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड, मध्ये उष्णता अडवायला रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर). रॉकवूल मुद्दाम घेतलं, ते पेट घेत नाही.

पहिल्याच जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. आतला बोर्ड अंगठ्याने दाबला तर भिजलेल्या पापडासारखा आत गेला. पॅनेल चांगलंच होतं. खिडकीच्या चौकटीखालचा सांधा नुसत्या सिलिकॉनने भरला होता, पत्र्याची पट्टी दिलीच नव्हती. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, झड येते. शेवटी त्या बाजूला ४ फुटी पडवी काढली, खिडक्यांखाली पट्ट्या बसवल्या, तेव्हा भिंत कोरडी राहिली. तुम्ही पडवी पहिल्या नकाशातच घ्या. पॅनेल कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरं, जोतं. खाली मुरूम आहे की काळी माती, ते आधी खड्डा खणून बघा. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घर हलकं असलं तरी सांधे उघडतात. आम्ही स्थानिक काळ्या दगडाचं २ फूट उंच जोतं केलं. सासूबाईंसाठी पायऱ्यांऐवजी उतार करा. २ फुटांच्या जोत्याला किमान २४ फूट लांब लागेल, त्याची जागा आत्ताच राखा.

कोटेशनमध्ये जोतं, शोषखड्डा, वाहतूक, क्रेन आणि वीजजोडणी धरली आहे का, हे लेखी घ्या. आमचा खर्च तिथेच वाढला.

जांभा
कंटेनर नको. त्याची बाहेरची रुंदीच ८ फूट. उष्णता अडवायला आतून अस्तर लावलं की जेमतेम ७ उरते. खाट टाकल्यावर वॉकर वळायचा कुठे? शिवाय ट्रेलर गावातल्या वळणावर अडकला तर काय कराल?

माझं मत: सांगाडा आणि छप्पर प्रीफॅब, भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या. त्यात सिमेंट साधारण ५ ते ८ टक्के, आणि भट्टी लागत नाही. पफ पॅनेल ऊन अडवतं, पण ते प्लास्टिकचाच फेस. तुम्हाला पर्यावरण जपायचं असेल तर मला ते पटत नाही. पडवीला बांबू वापरा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेलाच घ्या, नाहीतर भुंगा लागतो. मात्र पावसात ते औषध धुऊन जातं, म्हणून खांब पागोळीच्या आत ठेवा आणि दगडी बैठकीवर उभे करा.

सातबारा
प्रीफॅबला परवानगी लागत नाही असं विक्रेते सांगतात, ते ऐकू नका. राहतं घर म्हणजे बांधकाम परवानगी हवीच. एनए आदेश, झोन दाखला, मोजणी नकाशा काढून ठेवा. हद्दीप्रमाणे परवानगी पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) की अन्य कार्यालयाकडून, ते आधी विचारा. शेतजमीन घेऊ पाहणाऱ्यांसाठी: शेतकरी नसाल तर ती सहज नावावर होत नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कंटेनर रद्द. सांगाडा आणि मातीच्या विटा यांचं कोटेशन मागवते. रविवारी खड्डा खणायला जातोय.

मुठेकाठ
खड्डा खणाच, पण पावसाळ्यात एकदा भर पावसातही जाऊन या. पाणी प्लॉटच्या कुठल्या कोपऱ्यातून शिरतं ते बघा आणि शेजारच्या घरातल्या आजींना विचारा, झड कुठून येते. त्या बाजूला न्हाणीघर ठेवा, झोपायची खोली नको.