एकदम बंद नका करू

दादा, तुम्ही लिहिलंय की आईंना अल्प्राझोलाम (घबराट कमी करणारी, झोप आणणारी गोळी) सहा वर्षं चालू आहे, सवय लागली म्हणून उद्यापासून बंदच करतो. हात जोडून सांगते, एकदम नका थांबवू. आम्ही सांगलीचे, 2019 च्या महापुरानंतर सासूबाईंना पाऊस वाढला की धडधडायचं, झोप उडायची, तेव्हा हीच 0.25 मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी म्हणून दिलेली आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून आम्ही तीन वर्षं आणत राहिलो, चूक आमचीच. खरंतर हे औषध शेड्यूल एच1 मधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीतलं, दुकानदाराने नोंद ठेवायची असते. एकदा मिरजेला लग्नाला गेलो न् गोळ्या घरीच राहिल्या, तर दुसऱ्या दिवशी हात थरथर, घाम, आम्हाला वाटलं बीपी. मानसोपचार डॉक्टर म्हणाले मेंदूला गोळीची सवय झालीय, अचानक तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. मग त्यांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी केली, आठ महिने लागले, मधे दोनदा कमी न करता त्याच डोसवर थांबलो.

आणि एसिटालोप्रामला (नैराश्य, चिंतेवरचं औषध) पण लोक झोपेची गोळी समजतात, ते वेगळं आहे, त्याची अशी तलफ लागत नाही, पण तेही हळूहळूच सोडायचं. डॉक्टर लगेच मिळत नसतील तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. तोपर्यंत आईंची रात्रीची गोळी चुकवू नका.