कॅम्परची बॅटरी दुसऱ्या सकाळीच मान टाकते, टपावर सोलर असूनही

खिंडवाट
टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय. मुंबईहून निघून मुक्काम भंडारदरा नाहीतर गुहागरकडे, वीज नसलेल्या जागी, दोन-तीन रात्री. मागे १५० एएचची (अँपिअर-तास) टॉल ट्युब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते तीच), टपावर ३३५ वॅटचं पॉली पॅनेल, ३० अँपचा चार्ज कंट्रोलर आणि ८५० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर. पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवरून रिले (इंजिन सुरू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) लावून ४ स्क्वेअर एमएमची वायर मागे आणलीय, अंतर ६ मीटर.
लोड: ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, रात्री १५ वॅटचे दोन डीसी पंखे, एलईडी दिवे, दोन फोन, एक लॅपटॉप.
कडक ऊन असलं तरी दुसऱ्या सकाळी फ्रिज बंद आणि इन्व्हर्टर बोंबलत असतो. गॅरेजवाला म्हणतो, अजून एक १५० एएच पॅरललमध्ये टाका. टाकू का?

मागचा_बाक
टाका की. डबल बॅटरी, डबल बॅकअप.

ओहमदास
अजिबात टाकू नका. आधी हिशेब बघा.

फ्रिज चालू असताना ५० वॅट घेतो आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये निम्मा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. पंखे ९ तास, २७०. दिवे ५०. फोन-लॅपटॉप १५०. आता जे कोणी धरत नाही ते: घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५ वॅटच्या आसपास खातो. २४ तासांचे ३६०! लॅपटॉपसाठी चालू केलेला इन्व्हर्टर लॅपटॉपच्या दुपटीहून जास्त पितोय. एकूण १,४३०.

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-तास, पण लेड-अ‍ॅसिड निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, तेव्हा हाताशी ९००. इन्व्हर्टरचा कटऑफ साडेदहा व्होल्टच्या आसपास असतो, त्यावर विसंबू नका. तो बोंबलेपर्यंत बॅटरीचं वाटोळं झालेलं असतं. लोड काढून अर्धा तास थांबा आणि मग व्होल्टेज मोजा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे थांबा.

आता जमेची बाजू. तुमचं पॅनेल ७२ सेलचं असणार, त्याचं कामाचं व्होल्टेज ३७-३८. कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साधा, स्वस्त प्रकार) असेल तर तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली खेचतो. करंट ९ अँपच राहतो. ९ गुणिले १३ म्हणजे ११७ वॅट. ३३५ च्या पॅनेलमधून! साडेचार तासांचं चांगलं ऊन धरलं तर ५२५ वॅट-तास, त्यातले बॅटरीत टिकणारे सव्वाचारशे. रोज हजाराची तूट आणि शिल्लक नऊशे. दुसऱ्या सकाळी मान टाकणारच. दुसरी बॅटरी घातलीत तर तीच तूट एक दिवस पुढे जाईल, आणि दोन्ही बॅटऱ्या कधीच पूर्ण न भरल्याने सल्फेट धरतील, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर बसून क्षमता घटेल. शिवाय जुनीला नवी जोडली की जुनी नवीलाही खाली ओढते.

भर दुपारी मल्टिमीटर घ्या आणि कंट्रोलरच्या पॅनेलकडच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, बॅटरी भुकेली असताना. १३-१४ दिसले तर पीडब्ल्यूएम. ३० च्या पुढे दिसले तर खरा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलला त्याच्या कामाच्या व्होल्टेजवर ठेवून जादा व्होल्टेजचं करंट करून देणारा. डब्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही.

खिंडवाट
मोजलं. पॅनेलच्या टोकांवर १३.६, बॅटरीवर १३.३. डब्यावर मोठ्या अक्षरांत एमपीपीटी लिहिलंय!

ओहमदास
झालं तर मग. ३० अँपचा खरा एमपीपीटी घ्या. इनपुटची कमाल मर्यादा ७५ किंवा १०० व्होल्टची हवी. ५० वाला स्वस्त मिळतो, तो नको: या पॅनेलचं ओपन सर्किट (काही न जोडता दिसणारं) व्होल्टेज ४६ च्या घरात असतं आणि थंडीत वाढतं. भंडारदऱ्याला डिसेंबरच्या पहाटे ८-१० अंश असताना ४८ वर जाईल, मग ५० ला उरलं काय?
जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. सेटिंग फ्लडेड (पाणी घालायच्या बॅटरीचं), अ‍ॅबसॉर्प्शन (भरत आल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज) १४.४. टेम्परेचर सेन्सर असेल तर तो बॅटरीला चिकटवा. सीटखाली ४० अंश झाले तर १४.१ पुरे, नाहीतर पाणी उडत राहतं.
टपावर सपाट आणि तापलेलं पॅनेल २५० वॅटपर्यंत देईल, म्हणजे दिवसाला अकराशे. बॅटरीत टिकतात नऊशेच्या वर. लॅपटॉपला १२ व्होल्टवरचा यूएसबी-सी पीडी चार्जर लावून इन्व्हर्टर बंद ठेवलात तर खर्च १,०७०. तीन रात्री आरामात निघतात.

तांब्याची_तार
सोलरचं झालं, पण ४ स्क्वेअर एमएमची वायर बघून राहवलं नाही. जाऊन-येऊन १२ मीटर तांबं, रेझिस्टन्स ०.०५ ओहम. २० अँप वाहिले की एक व्होल्ट वाटेतच गळतो. पुढे १४.२, मागे १३.२. एवढ्यावर ट्युब्युलर भरत नाही, नुसती भरल्यासारखी दिसते.
दुसरं, काही बीएस६ गाड्यांत अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरचं) व्होल्टेज ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन सुरू करून वीसेक मिनिटं गाडी चालवा आणि पुढच्या बॅटरीवर मोजा. १४ च्या आसपास टिकलं तर ठीक. १२.६ वर उतरलं तर रिले कुचकामी.
दोन्हीवर उपाय एकच, डीसी-डीसी चार्जर: पुढून कमी व्होल्टेज आलं तरी ते वाढवून मागची बॅटरी नीट भरतो. १५० एएचच्या ट्युब्युलरला २० अँपचा पुरे, तिला १५-२० अँपच मानवतात. वायर १० स्क्वेअर एमएम, पुढेमागे लिथियम घ्यायचा विचार असेल तर आत्ताच १६. निगेटिव्हही स्वतंत्र ओढा, चॅसिसच्या भरवशावर सोडू नका. ४० अँपचा फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात. एकच लावला तर मध्येच वायर घासून शॉर्ट झाल्यावर दुसऱ्या बॅटरीकडून आग लागेल. चार्जरला इग्निशनचा सिग्नल द्यायला विसरू नका, म्हणजे तो इंजिन चालू असतानाच चालेल. वायर आणि टिन्ड लग (वायरच्या टोकाला लावायचे कल्हईचे कान) लोहार चाळीत, फ्यूज होल्डर लॅमिंग्टन रोडला. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने चेपलेला लग घाटातल्या हादऱ्यांनी ढिला होतो आणि तापतो.
मुंबई ते भंडारदरा चार-साडेचार तास लागतात, पोचेपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते. मुक्कामी इंजिन आयडलवर ठेवून चार्ज करू नका. अल्टरनेटर त्या आरपीएमला पुरेसं देत नाही आणि डिझेल फुकट.

गिरगाव_ते_गुहागर
दोन गोष्टी राहिल्या.
सावली. पॅनेलला तीन बायपास डायोड असतात, सावलीत गेलेला एक तृतीयांश भाग ते वगळून टाकतात. कॅरियरच्या पाइपची बोटभर सावली एका सेलवर पडली की एक तृतीयांश उत्पादन गेलं. मग गाडी उन्हात लावली की आतला फ्रिज जास्त वेळ चालतो, मिळालेलं तिकडेच जातं. त्यापेक्षा गाडी सुरूच्या झाडाखाली लावा आणि १००-१५० वॅटचं दुसरं, घडीचं पॅनेल १० मीटर वायरने उन्हात ठेवा, तासा-दीड तासाने फिरवा. त्याला वेगळा छोटा कंट्रोलर, तोही बॅटरीजवळ. लांब वायर पॅनेलच्या बाजूला चालते, बॅटरीच्या बाजूला नाही. दाट पावसाळी ढगांत मात्र पाव उत्पादनही मिळालं तर खूप. त्या दिवसांत डीसी-डीसीच तारेल.
किनाऱ्यावर एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींची टोकं) वाळूत पडू देऊ नका, खारं पाणी आत गेलं की हिरवं धरतं. टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

आणि ही ट्युब्युलर तुम्ही झोपता त्या केबिनमध्ये सीटखाली आहे का? चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि वळणावर कलंडली तर अ‍ॅसिड. बंद पेटी आणि पेटीच्या माथ्यावरून बाहेर जाणारी नळी हवीच. हे नको असेल तर १०० एएचची लिथियम फॉस्फेट घ्या: १३ किलोच्या आसपास, ८०-९० टक्के वापरता येते. पण तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.२ च्या आसपासच राहतं, म्हणून किती उरली हे कळायला शंट मीटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा) लागतो. कंट्रोलर आणि डीसी-डीसी दोन्हींचं सेटिंगही बदलावं लागेल.

खिंडवाट
केबिनमध्येच आहे, पेटी नाही. म्हणजे आधी पेटी आणि नळी, मग एमपीपीटी, मग डीसी-डीसी. इन्व्हर्टर आजपासून बंद. नळी किती जाडीची घेऊ?

गिरगाव_ते_गुहागर
आतून २५ एमएमची, चढती ठेवा, मध्ये झोळ नको. पेटीच्या तळाशी हवा आत यायला तेवढंच भोक, तेही बाहेरच्या बाजूला. आणि त्या पेटीत कंट्रोलर, रिले, फ्यूज काहीही बसवू नका. ठिणगी तिथेच पडते.