मदत हवी आहे: पावसाळ्यात ओकिनावा, आईला घेऊन. जमेल का?

देवबागचो

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ देवबागात आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधल्या पट्टीत आम्ही आणि पाहुणे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. मे सरता सरता स्कूबा-बिबा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि मग आमची सुट्टी सुरू. म्हणजे फिरायचं तर जूनपासून पुढे, आणि गणपतीआधी परत. चतुर्थीला घराला कुलूप हा विषय आमच्याकडे निघतच नाही.

पुढच्या वर्षी जपानच्या ओकिनावा बेटांवर जायचं ठरतंय. मुलाने (वय 13) तिथल्या मत्स्यालयातल्या व्हेल शार्कचा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून दुसरं बोलत नाही. आम्ही चौघं: मी, बायको, मुलगा आणि आई. आई 69 वर्षांची, मधुमेह आहे, गुडघे दुखतात. मासे खाते, पण डुकराचं मांस घरच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. तिचा पहिला प्रश्न, "थंय भात गावतलो मां?"

एका टूरवाल्याने सहा रात्रींत पाच बेटं असा कागद हातात दिला. नाहा (म्हणजे मुख्य बेटावरचं शहर), झामामी, मियाको, इशिगाकी, ताकेतोमी. नकाशा उघडून बघितलं तर नाहा ते इशिगाकीच चारशे किलोमीटरच्या वर, मधे निव्वळ पाणी. मी होडीवाल्यांच्या घरातला माणूस. कागदावरच्या वेळा आणि समुद्राच्या वेळा जुळत नाहीत एवढं मला कळतं. म्हणून त्याला नमस्कार केला आणि इथे आलो.

खरी अडचण हवामानाची. आमचा सीझन संपतो तेव्हा तिकडे वादळांचा सुरू होतो असं वाचलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या पडवीवरची कौलं शेजाऱ्याच्या माडाखाली सापडली होती. पैसे मोजून तेच बघायला जपानला जायची हौस नाही. जून ते ऑगस्टमध्ये जरा बरी फट आहे का? किती बेटं करावीत? आणि तिकडे गाडी चालवता येईल का?

(मुलाची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आठवडाभर बुडेल. त्यावर आमच्यात एकमत आहे, म्हणजे माझं आणि मुलाचं.)

फुकटसल्ला

एवढ्या लांब कशाला? लक्षद्वीप करा, पासपोर्ट पण लागत नाही.

देवबागचो

जूनमध्ये तिथला समुद्र आपल्याच समुद्राचा सख्खा भाऊ. अंदमानचंही तेच. पावसातून उठून पावसात कशाला जायचं?

नाहात_दोन_वर्षं

कामानिमित्त नाहाला दोन वर्षं काढली. मूळचा वेंगुर्ल्याचा, त्यामुळे तुमचं दुखणं नीट समजलं.

फट आहे. तिकडचा पावसाळा आपल्या उलट, लवकर येतो आणि लवकर आवरतो. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि 20-22 जूनच्या सुमारास संपतो. त्या दिवसांत दक्षिणेकडून एक दमदार वारा सुटतो, त्याला ते 'काचीबे' म्हणतात. दिवस सगळ्यात मोठा असतो तेव्हाचा दक्षिण वारा असा त्याचा अर्थ. आपल्याकडे म्हातारे मतलईवरून अंदाज बांधतात तसं तिथले मच्छीमार काचीबे सुटला की पाऊस गेला म्हणतात. तिथून साधारण 10 जुलैपर्यंतचे दिवस तुमचे. आकाश धुतल्यासारखं असतं, पारा 27 ते 32 आणि घाम मात्र आपल्या मेसारखा. वादळं जुलैतही येतात, जूनमध्येसुद्धा आलेली आहेत, पण खरा जोर ऑगस्ट-सप्टेंबरला. वर्षाला सरासरी सात-आठ वादळं त्या बेटांच्या आसपास येऊन जातात. काही तर हलायचं नाव घेत नाहीत. 2023 च्या ऑगस्टमधलं खानून ओकिनावावरून पुढे गेलं, वळलं आणि परत आलं.

मी झामामीला अडकलो ते सप्टेंबरात. शनिवार-रविवार म्हणून गेलो होतो. रविवारी सकाळी आकाश निळंभोर, पान हलत नव्हतं, आणि गावातल्या भोंग्यावर घोषणा झाली की उद्यापासून बोट नाही. मला वाटलं चेष्टा करतायत. मग किनाऱ्यावर गेलो. वारा नाही, पण लांबून जाड, संथ लाटा येत होत्या आणि माणसं होड्या ओढून वर घेत होती. दुपारची बोट तुडुंब भरलेली, मला जागा मिळाली नाही. तीन रात्री घरमालकिणीच्या हातचा भात खाल्ला आणि खिडक्यांना दोर बांधायला मदत केली. माझं मंगळवारचं विमान माझ्याशिवाय गेलं. विमान कंपनीने बोटीचं कारण मानलं नाही, तिकिटाचे पैसे बुडाले.

म्हणून एकच नियम सांगतो: लांबचं आधी, जवळचं शेवटी. मुंबईहून नाहाला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागेलच. नाहाला उतरलात की दुसऱ्या विमानाने सरळ इशिगाकीला जा (तासभर लागतो, आणि त्या दोघांमध्ये प्रवासी बोट नाही, शोधत बसू नका). तिथे चार रात्री. मग नाहाला परत येऊन शेवटच्या चार रात्री मुख्य बेटावर. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कुठल्याही बोटीत पाय ठेवायचा नाही, मग झामामी कितीही खुणावो. मियाको सोडा. सुंदर आहे, 3540 मीटरचा फुकटातला पूल आहे, पण सोडा.

इशिगाकीहून ताकेतोमी बोटीने दहा-पंधरा मिनिटं. आईंना तिथे नक्की न्या. बेट ताटासारखं सपाट, गुडघ्यांना त्रास नाही. रेड्याच्या गाडीत बसवतात. गाडीवान सान्शिन (तीन तारांचं वाद्य) वाजवत गातो आणि रेडा स्वतःच वळणं घेतो, कोपऱ्यावर भिंतीला चाक घासू नये इतपत लांबून. कौलांकडे बघा. तांबडी, गोलसर, आणि प्रत्येक सांध्यात पांढरा चुना थापलेला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. तुमची पडवी आठवेल.

इरिओमोते मुलासाठी. बोटीने पाऊण तास. कांदळवनातून होडी वल्हवायची. कर्लीच्या काठचा मुलगा म्हणेल यात काय नवीन. पण बेटाचा बहुतेक भाग जंगल आहे, आणि तिथलं रानमांजर जगात दुसरीकडे कुठेही नाही. 2021 पासून जागतिक वारशात आहे. हातेरुमा बेटाचा मोह टाळा, ती बोट सारखी रद्द होते.

गाडी चालवता येते. आपल्यासारखंच डावीकडून. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो जपानमध्ये चालतो. भाड्याच्या गाडीतल्या नकाशात पत्त्याऐवजी हॉटेलचा फोन नंबर दाबायचा, बाई बरोबर नेऊन सोडते. पावसाची सर आली की वेग कमी करा, तिथल्या डांबरात पोवळ्याच्या दगडाची खडी असते, रस्ता शेवाळलेल्या पायरीसारखा होतो.

सोलकढीताई

भाताची काळजी नको, तिन्ही त्रिकाळ भात. पण चिकट, आपल्या उकड्यासारखा सुटा नाही, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

डुकराचं मात्र खरं आहे. तिथल्या नूडल्सच्या रश्श्यात, भाजीत, कुठेही असतं. कारल्याची एक भाजी घरोघरी करतात, गोया चाम्पुरू. कारलं, टोफू, अंडं, आणि बहुधा डुकराचे तुकडे. नको असेल तर आधी सांगावं लागतं. एका कागदावर जपानीत लिहून घ्या आणि दाखवा, तोंडी समजावण्यात जेवण थंड होतं. नाहाच्या माकिशी बाजारात खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर शिजवून घ्यायचा. निळे, हिरवे पोपटमासे बघून आई आधी हसतील, मग भाव विचारतील.

सामानात सोलं (आमसुलं) आणि तिरफळं न्या. आंबा नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. तसंही जुलैत तिथे त्यांचा आंबा असतो. हरितगृहात वाढवलेला, एकेक फळ कागदात बसवलेलं. किंमत बघून देवगडवाल्यांनी धीर धरावा.

पोहताना जपा. या दिवसांत 'हाबु-कुरागे' नावाची जेलीफिश असते, फार वाईट डसते. जिथे जाळी लावलेली आहे तिथेच उतरा. किनाऱ्यावर व्हिनेगर ठेवलेलं असतं ते त्याचसाठी.

देवबागचो

दोघांचे मनापासून आभार. आज रात्री बायको आणि मी कॅलेंडर घेऊन बसलो. 24 जूनला निघायचं, आठ रात्री, इशिगाकी आधी. मियाकोवर काट मारली. मुलाला सांगितलं की मत्स्यालय शेवटच्या चार दिवसांत, तर तो म्हणाला मग आधीचे चार दिवस मी काय करू.

एकच राहिलं. आईची इन्सुलिनची पेनं. तिकडच्या उन्हात गाडीत राहिली तर?

नाहात_दोन_वर्षं

गाडीत अजिबात ठेवू नका, पाच मिनिटंही नाही. विमानात हातातल्या पिशवीत, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. चारदोन दिवस जास्त पुरतील इतकी घ्या, बोट अडली तर. उत्तरेला मत्स्यालयाजवळ बिसे नावाचं गाव आहे, तिथे फुकुगीच्या दाट रांगांतून वाट जाते. वाऱ्याला अडवायला घराभोवती लावलेली झाडं. तिथे दुपारीही गार असतं. आईंना त्या सावलीत बसवा, तुम्ही दोघं शार्क बघून या. आणि त्यांना सांगा, ती झाडं रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, भावकीतली आहेत.

देवबागचो

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "मगे सोलां थंयच गावतीत, कित्याक व्हरूची?"

सोलकढीताई

नाही गावायची. न्या.